भूमीच्या पोटातला ऋतू

हिंगोलीच्या कयाधू नदीकाठी वैशाखात पारा 42 अंशांच्या वर चढतो आणि पौषातल्या पहाटे रयत शेकोटीभोवती कुडकुडत बसते. परंतु हा सारा चढउतार भूमीच्या केवळ वरच्या थराचा असून, पाच-सहा पुरुष खोल गेल्यावर वर्षभराच्या सरासरीइतके, म्हणजे या भागात सुमारे 27 अंशांचे तपमान बारमाही नांदत असते. लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने 1783 साली पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात, सुमारे 28 मीटर खोलीवर, तापमापक बसविला तो हेच स्थैर्य मोजण्यासाठी. आमच्या मोगलाईतल्या, म्हणजे निजामी मुलखातल्या, कुणब्याजवळ तापमापक नव्हता, पेव होते.

जोंधळ्याचे पीक हाती आले म्हणजे कोरड्या, टणक जमिनीत अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा खणून, त्यास आतून कडबा-भुशाचे अस्तर देऊन, त्यात धान्य ओतून, वर मातीने तोंड बुजवून टाकीत. आतल्या समशीतोष्ण अंधारात, कोंडलेल्या हवेतला प्राणवायू धान्याने व किडीनेच संपवून टाकल्यामुळे, किडीस जगणे अशक्य होई. तीच हवा माणसासही घातक असल्याने, पेव उघडल्यावर आधी दिवा खाली सोडून पाहत आणि तो विझला तर कोणी उतरत नसे. यात पूर्वजांचे उष्णताशास्त्र शोधण्याचा उत्साह मला नाही. पेंढाऱ्यांपासून आणि वसुलीस आलेल्या प्याद्यांपासून धान्य दडविणे हा हेतू त्यात निदान तितकाच प्रबळ होता.

भूमीच्या याच थंडाव्यात हिंगोलीजवळच्या औंढा नागनाथाच्या यादवकालीन मंदिरात लिंग सभामंडपाच्या पातळीच्या खाली असून, अरुंद वाटेने, अंग चोरून, तिथे उतरावे लागते. भोवतालच्या पाषाणामुळे आत उन्हाची झळ पोहोचत नाही, हे खरे; पण श्रावणी सोमवारच्या गर्दीत भाविक घामाघूम होऊन बाहेर येतात, हेही तितकेच खरे, कारण भूमी थंडावा देते, वारा देत नाही. हिंगोलीस 1903 पर्यंत निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. अशा छावण्यांतल्या बंगल्यांनी मात्र निराळा मार्ग धरला. दारांना वाळ्याचे भिजलेले पडदे, छताला दोरीने ओढायचा पंखा, आणि ती दोरी ओढणारा गरीब नोकर.

भूमीतला हा स्थिर तपमानाचा साठा यंत्राने वापरण्याची कल्पना विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिनच्या, 1852 सालच्या विचारांतून निघाली. जमिनीतून उष्णता घेण्याचे पेटंट हाइन्रिख झोली याने 1912 साली स्वित्झर्लंडमध्ये घेतले, आणि 1948 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरी भूजलावर चालणारे असे यंत्र एका मोठ्या इमारतीत बसले. जमिनीत नळ पुरून चालणाऱ्या अशा यंत्राची युक्ती अशी, की खोलीतली उष्णता शोषून एक द्रव वायुरूप होतो, दाबयंत्राने त्यास दाबले म्हणजे तो अधिक तापतो, आणि मग ती उष्णता जमिनीत पुरलेल्या नळांतून फिरणाऱ्या पाण्याच्या स्वाधीन करून पुनश्च द्रव होतो. हिवाळ्यात हाच क्रम उलटा चालवून घर उबदार करता येते. 42 अंशांच्या हवेत उष्णता ढकलण्यापेक्षा 27 अंशांच्या खडकात ती सोडण्यास वीज कमी लागते, इतकाच त्यातला लाभ. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वराच्या ऊन झऱ्यांशी त्याचा संबंध जोडू नये. त्या झऱ्यांची उष्णता खोल भूगर्भातली, आणि ही बहुतांशी सूर्याचीच, मातीने राखून ठेवलेली.

हिंगोलीत या यंत्राची खरी अडचण वेगळीच. थंड देशात उन्हाळ्यात जमिनीत जमा केलेली उष्णता हिवाळ्यात उचलली जाते व हिशेब बरोबर राहतो. आमच्याकडे मात्र जमा होतच राहणार, खर्ची पडणार थोडीच, आणि मग काही वर्षांनी नळांभोवतीचा काळा पाषाण तापून यंत्राचा लाभ उणावत जाणार. त्यावर उपाय म्हणजे नळ लांब व विरळ पुरणे, किंवा वाहत्या भूजलाने ती उष्णता दूर नेणे. पहिल्यास पैका लागतो आणि दुसऱ्यास पाणी, ज्याची या मुलखात चैत्रापासूनच टंचाई असते.