गोणी, कावड आणि सायकल

प्रवासाचा इतिहास सांगताना आपण वाहनाचे वर्णन करतो. ओझे कसे नेले, हे सहसा सांगत नाही. भंडारा जिल्ह्यापुरते तरी हे दुर्लक्ष क्षम्य नव्हे. छत्तीसगडचे धान्य नागपूरकडे याच मुलखातून बंजाऱ्यांच्या बैलांवरून येई. बैलाच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या असत. खांद्यावरच्या कावडीचे तत्त्वही तेच: दोन्ही बाजू सारख्या, तर चाल सोपी. १८८० नंतर रेल्वे आली आणि तांडे मागे पडले. पण हे शहाणपण लोपले नाही.

सायकल आली, तेव्हा ते तिच्या कॅरिअरवर जाऊन बसले. भांडी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या फेरीवाल्याने दोन्ही बाजूंना पोती लटकवली, जड माल खाली ठेवला आणि निकामी ट्यूबच्या पट्ट्यांनी सारे आवळले. खाचखळग्यांत सुतळी सैल पडते. ताणलेले रबर धक्का सोसून पुन्हा आवळते.

१९२३ साली मुंबईहून सहा तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे १९२८ साली प्रवास पुरा करून परतले. त्यांच्या पराक्रमाचा ग्रंथ झाला. फेरीवाल्याच्या युक्तीची नोंद कोणी केली नाही. आज महागड्या पिशव्यांवाचून सायकलसफर अडते असे ज्यांना वाटते, त्यांनी ती युक्ती पाहावी. गोणपाटाच्या दोन सारख्या थैल्या, आत प्लॅस्टिकचा कागद, चाकाच्या आऱ्यांपासून दूर राखणारी बांबूची कांब आणि जुनी ट्यूब, एवढ्यावर भागते. सफरीला लागतो तो तोल. तो विकत घ्यावा लागत नाही.