पाठशुद्धी : पदार्थविज्ञान, दुरुस्तीचे दुकान आणि संगणकातील प्रक्षेप

मराठीत संगणकाची कथा बहुधा पुण्याच्या 'परम'पासून सांगितली जाते. प्रत्यक्षात आपल्याकडचा संगणक वाढला तो पदार्थविज्ञानाच्या ओसरीवर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण क्षमतेने चालू झालेल्या यंत्राचे 'टिफ्रॅक' असे बारसे पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये केले. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून त्याला आज्ञा दिल्या जात. संगणकशास्त्र हा स्वतंत्र अभ्यासक्रम तेव्हा रुजलेला नव्हता; ज्याला गणित सोडवायचे असे, त्यानेच आज्ञावली लिहावी, अशी रीत होती.

सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला हे सारे दूरचे होते. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९चे, तर साताऱ्यात 'रयत'चे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७चे. अभियांत्रिकीसाठी मात्र सांगलीचे वालचंद आणि १९६० पासून कराडचे शासकीय महाविद्यालय, एवढीच दारे, तीही अरुंद. ज्यांना ती उघडली नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांसाठी बी.एस्सी.चे पदार्थविज्ञान हीच यंत्राजवळ जाण्याची वाट होती. १९८३ मध्ये सांगलीच्याच वसंतदादा पाटलांनी मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक दिली आणि हे चित्र पालटले. या निर्णयाची चर्चा शिक्षणाच्या बाजारीकरणाच्या अंगाने उदंड झाली आहे. पदार्थविज्ञानाच्या वर्गांतून त्याने काय उचलून नेले, याची चर्चा, माझ्या मते, व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

नेले ते हे : मोजमापातील किरकोळ तफावतही खुलाशावाचून न सोडण्याची खोड. १९८६ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांना संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. व्यवहारी माणसाने तो खर्ची टाकला असता. स्टॉल यांनी तो प्रयोगातील त्रुटीसारखा हाताळला, आणि माग निघत निघत जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये बसलेल्या घुसखोरापर्यंत पोहोचला. या हकिकतीवर त्यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याचे अंडे आहे. परक्या घरट्यात अंडे घालण्याची ही रूपककथा आपल्या कावळ्यांना नवी नाही!

त्याच वर्षी लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवरून जगभर हिंडू लागला. आणि विषाणू हाकलणाऱ्यांच्या आपल्याकडच्या कथेतही दोन भाऊच आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचे दुकान काढले; धाकट्या संजय यांना संगणकशास्त्र शिकण्यास त्यांनीच उद्युक्त केले. दुरुस्तीला येणारे संगणक पुष्कळदा यंत्राच्या बिघाडाने नव्हे, तर विषाणूने बंद पडलेले असत. संजय यांनी त्यांवर उतारे लिहिले, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यांतून 'क्विक हील' उभे राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीची भांडवलबाजारात नोंदणी झाली.

ही कथा सांगण्याची एक ठरावीक चाल पडून गेली आहे : शाळा सोडलेला मुलगा, कोट्यवधींची कंपनी. मला ती चाल खटकते. तिच्यात थोरल्याची जिद्द उठून दिसते, धाकट्याचे वाचन झाकले जाते. आणि 'शिक्षणावाचून अडत नाही' असा सोयीस्कर निष्कर्ष हाती लागतो. वस्तुतः दुकान चालावे म्हणूनच एका भावाला शिकवावे लागले.

वाचन हा शब्द येथे मी लक्षणेने वापरलेला नाही. विषाणू शोधणाऱ्यासमोर लेखकाचे मूळ लिखाण नसते. असतात ती यंत्रभाषेतील आकड्यांची सलग पाने. शुद्ध प्रत आणि बाधित प्रत शेजारी ठेवून कोणता मजकूर मागाहून घुसला, हे ठरवावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी तर 'टिफ्रॅक' जिथे घडला त्याच टाटा संस्थेत १९४६ ते १९६२ या काळात गणिती होते, आणि तिथे असतानाच, १९४८ मध्ये, भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली.

साम्य फार ताणू नये, कारण एका ठिकाणी ते मोडते. 'ब्रेन' फ्लॉपीचा आरंभीचा भाग, म्हणजे बूट सेक्टर, बळकावतो. पण तेथील मूळ मजकूर नष्ट करत नाही. तो फ्लॉपीवर अन्यत्र हलवतो, आणि कोणी तपासायला आले की तोच काढून दाखवतो. ६ मार्चला तबकडीवरील माहिती पुसून टाकणारा 'मायकेलअँजेलो'सुद्धा त्या तारखेपर्यंत मूळ सेक्टर दुसरीकडे सांभाळून ठेवतो. त्यामुळे उतारा लिहिणाऱ्याला तो शोधून पूर्ववत जागी बसवता येतो. प्रक्षेपकानेच मूळ पाठ जपून ठेवावा, हे भाग्य भांडारकर संस्थेतल्या संपादकांना कुठले!