मोझांबिकचे काका आणि आमच्या घरचा हिशेब



आखाताची वाट सापडण्याआधी गोव्यातली माणसे पोटासाठी आफ्रिकेत जात, हे आजच्या तरुणांना सांगितले की नवल वाटते. नैरोबी, मोंबासा हा इंग्रजांचा मुलूख, आणि खाली दक्षिणेला पोर्तुगीजांचे मोझांबिक. मोझांबिकशी गोव्याचा संबंध तर फार जुना. १७५२ पर्यंत तिथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता.

माझे धाकटे काका १९५० साली लोरेन्सु मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला, एका पेढीवर हिशेबनीस म्हणून गेले. त्या काळी मुंबईहून 'कंपाला' आणि 'करांजा' या बोटी आफ्रिकेच्या किनाऱ्याने दर्बानपर्यंत जात. तिकडे जाणाऱ्या गोंयकारांत ख्रिस्ती बांधव जास्त, आमच्यासारखी हिंदू घरे थोडी. घरात बोलणे कोंकणी पण पत्र लिहायचे मराठीत, हा आमच्याकडचा जुना रिवाज. काकांची पत्रेही मराठीतच, मध्ये मध्ये पोर्तुगीज शब्द पेरलेली.

मी आयुष्यभर बँकेत काढले, म्हणून पैशांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही एकच बँक गोव्यातही नोटा काढायची आणि मोझांबिकमध्येही. तिकडे भरलेले पैसे पणजीला मिळणे म्हणजे एकाच बँकेच्या दोन कचेऱ्यांमधला व्यवहार. त्या पैशांवर आमच्या घरावर नवी कौले चढली, आत्याचे लग्न झाले.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मी दहा वर्षांचा होतो. बाबांनी गावभर पेढे वाटले. आज्जीने मात्र एवढेच विचारले, "आतां ताचें पत्र कशें येतलें?"

तिची शंका खरी ठरली. मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना पोर्तुगीज सरकारने छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली. त्यांत गुजराती व्यापारी बरेच होते. काकांसारखे गोंयकार कागदोपत्री पोर्तुगीज, म्हणून त्यातून वाचले. पण आमचा काका एका देशाचा आणि आम्ही दुसऱ्या देशाचे, असे एका दिवसात होऊन बसले. पैसे थांबले. पत्रे नैरोबीतल्या एका ओळखीच्या घरामार्फत यायची, तीही दोन-तीन महिन्यांनी. १९६८ साली आज्जी वारली. काकांना कळले तेव्हा तिचे मासिक श्राद्धही होऊन गेले होते.

१९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली. त्याच वर्षाच्या शेवटी भारताशी त्यांचे संबंध पुन्हा जुळले. २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल. आपल्या फोंड्याजवळच्या माशेल गावाचेच नाव, म्हणून आमच्याकडे त्यांच्याविषयी उगाच आपुलकी! पण तिथल्या गोंयकारांपुढे प्रश्न अवघड होता. लिस्बनला जायचे, गोव्यात परतायचे, की नव्या देशाचे नागरिक व्हायचे? एकेका घरातली भावंडे तीन देशांत विभागली गेली.

काका-काकू १९७६ मध्ये परतले. मुलगी मात्र आली नाही. ती नर्स होती, तेवीस-चोवीस वर्षांची. बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले होते. तिने लिहिले, "वॉर्ड भरलेले आहेत आणि माणसे नाहीत. मी इथेच जन्मले, मी कुठे परत येऊ?" काकांनी ते पत्र दोनदा वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. त्यावर ते कधी बोलले नाहीत.

नंतर सुरू झाले यादवी युद्ध. ते १९९२ पर्यंत चालले. मापुतोत साबण, तेल, साखर मिळेना. १९८० मध्ये मेटिकल हे नवे चलन आले, पण देशाबाहेर त्याला कोण विचारतो? मी तेव्हा बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर. कुवेत, दुबईचे ड्राफ्ट रोज हातात, मापुतोचा एकही नाही. उलट काकू कोणी जाणारे सापडले की साबणाच्या वड्या, सुया-दोरे, तापाच्या गोळ्या बांधून द्यायच्या. ज्या घरावर आफ्रिकेच्या पैशांची कौले, त्या घरातून आता आफ्रिकेला पार्सले निघत होती. मला वाटते, हिशेब असाच फिटतो.

अशी ती एकटीच नव्हती. गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा यांनी मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्र उभारले. १९८२ मध्ये तिथे फुटलेल्या पार्सल-बाँबमध्ये त्यांच्या सहकारी रूथ फर्स्ट गेल्या, ते स्वतः जखमी झाले. १९ ऑक्टोबर १९८६ ला माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात तेही गेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव मला तरी दिसले नाही.

बहीण निवृत्त होऊन आजही मापुतोत असते. मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा तिची मुलगी मदतीला गेली होती. भारतीय नौदलाच्या बोटीही तिथे पोहोचल्या होत्या. फोनवर बहीण मोडक्या कोंकणीत म्हणाली, "दादा, तुमगेले लोक आयले." मी म्हटले, "आमगेले म्हण गो."

मंडळी, तुमच्या घरात कोणाची मोझांबिकची पत्रे, पासपोर्ट, बोटीची तिकिटे असतील तर रद्दीत घालू नका. निदान एक फोटो काढून ठेवा, आणि कोणाचे ते मागे लिहून ठेवा.