भोंग्याच्या गावात घर बांधावं का?

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न पिढीगणिक निघतो. कारखान्याच्या गावात नोकरी मिळाली तर जावं का? आणि गेलं तर नुसतं राहावं, की घर बांधून तिथलंच व्हावं? आमच्या घरात तो तीनदा निघाला आणि आता चौथ्यांदा निघालाय. धाकट्या भावाच्या मुलाला कागजनगरच्या पेपर मिलमध्ये नोकरी लागली आहे. घर विकत घ्यावं की भाड्यानं, यावर दोन महिने रोज रात्री जेवणानंतर चर्चा चालली. त्या निमित्तानं जुनं सगळं निघालं, ते लिहून ठेवतो.

आधी कागजनगरबद्दल थोडं, कारण नव्या पोरांना ते फक्त रेल्वे स्टेशनचं नाव वाटतं. पूर्वी ते कोत्तपेटा नावाचं खेडं. काझीपेठ ते बल्लारशा ही रेल्वेलाइन १९२९ च्या सुमाराला पुरी झाली आणि मद्रास-दिल्ली गाड्या आपल्या जंगलातून धावायला लागल्या. लाइन आली, खाली बेल्लमपल्लीकडे सिंगरेणीचा कोळसा, भोवती बांबूचं रान, शेजारी पेद्दवागूचं पाणी. कागद करायला आणखी काय लागतं? निजाम सरकारच्या काळात १९३८ साली सिरपूर पेपर मिल्स ही कंपनी निघाली आणि १९४२ च्या सुमाराला कागद बाहेर पडायला लागला. कागदामुळं गाव झालं म्हणून नावच कागजनगर. शेजारी सिरसिल्कचा रेशमी धाग्याचा कारखानाही उभा राहिला. मिलचा कारभार पुढं बिर्लांकडे आणि मग पोद्दारांकडे गेला. तेलुगू, मारवाडी, बिहारी, मराठी, सगळे आले. जवळच नझरूलनगरला पूर्व बंगालचे निर्वासितही वसवले गेले. त्या काळी आपल्या भागात इतक्या भाषा एका बाजारात ऐकू येणारं दुसरं गाव नव्हतं.

आमचे मामा १९६१ ला तिथं लागले. मामांचं गाव किनवट तालुक्यातलं. १९५६ ला राज्यं नव्यानं बांधली तेव्हा किनवट नांदेड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं आणि आमचा बोथ तालुका, इचोड्यासह, आंध्रात राहिला. एकाच जिल्ह्यातली बहीण-भावंडं दोन राज्यांची झाली! किनवटला कोरडवाहू चार एकरात तीन भाऊ, म्हणून मामा निघाले. मिलनं क्वार्टर दिलं. वीज, नळ, कॉलनीत दवाखाना. इचोड्यात तेव्हा आमच्याकडे कंदील होता. मामांनी बाबांना निरोप धाडला, ‘दाजी, जागा निघालीय, या.’

बाबा गेले. गुडीहत्नूर, उटनूर, केरामेरीचा घाट, आसिफाबाद असं करत, दोन दिवसांनी पोचले. तीन आठवडे राहिले आणि परत आले. का परत आले, हे आईनं आम्हाला कित्येकदा सांगितलंय. बाबांना काम अवघड वाटलं नाही, उग्र वासाचीही सवय झाली असती. त्यांना बाजार खटकला. पगार झाला की बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि महिनाअखेरीला सगळी दुकानं उधारीच्या वहीवर. ‘त्या गावात पैसा एकाच दारातून येतो,’ असं ते म्हणायचे. इचोड्याचा आठवडी बाजार गरीब होता, पण त्यात कापूस येई, ज्वारी येई, तूर येई, जंगलातून गोंड-कोलाम माणसं मोहाची फुलं आणि डिंक घेऊन येत, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक थांबत. एक बुडालं तर दुसरं थोडंफार तरी चाले.

आता हे ऐकून बाबा फार दूरदृष्टीचे होते असं वाटेल. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मामांची तिन्ही मुलं चांगल्या शाळेत शिकली, मोठा इंजिनियर झाला. आम्ही भावंडं आठवीनंतर आदिलाबादला नातेवाइकांच्या ओसरीवर राहून शिकलो आणि बहिणीचं शिक्षण तिथंच थांबलं, कारण मुलीला परक्या घरी ठेवायची नाही. आईला बाळंतपणात त्रास झाला तेव्हा बैलगाडीनं रस्त्यावर आणि तिथून ट्रकनं आदिलाबादला न्यावं लागलं. मामींची बाळंतपणं कॉलनीच्या दवाखान्यात झाली. म्हणून बाबांचं कौतुक कुणी फार केलं की माझी बहीण गप्प बसते.

दुसऱ्यांदा प्रश्न निघाला १९८४ मध्ये. आदिलाबादला सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना सुरू झाला. केंद्र सरकारचा, म्हणजे जन्माची भाकरी असं सगळे म्हणत. आपल्याकडचा चुनखडीचा दगड मोठ्या कामाला लागला. दादा मेकॅनिक म्हणून लागला. कारखान्याच्या बाजूला प्लॉट स्वस्तात मिळत होते, बरोबरीच्या बऱ्याच जणांनी घेतले. दादाचंही मन होतं. वहिनीनं मात्र हट्ट धरला, घर गावात, मार्केट यार्ड आणि बसस्टँडच्या मधे. तिची कारणं अगदी घरगुती होती. मुलांना मराठी शाळेत चालत जाता यावं, इचोड्याहून सासूबाई बसनं आल्या तर रिक्षा लागू नये, आणि दोन खोल्या जास्त काढून कॉलेजच्या पोरांना भाड्यानं देता याव्यात. प्लॉट लहान आणि महाग मिळाला. दादा वर्षभर कुरकुर करत सायकलवर कारखान्यात जायचा.

नव्वदच्या दशकात त्या कारखान्याचं उत्पादन थांबलं, ते आजवर सुरू झालेलं नाही. निवडणूक आली की सुरू करण्याचं बोलणं निघतं, मध्यंतरी भंगार विकायची गोष्ट निघाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. गंमत बघा, आदिलाबादला सीसीआय दोन आहेत. एक सिमेंटवाली, जी बंद पडली. दुसरी कापूसवाली, कॉटन कॉर्पोरेशन, जी हंगामात कापूस घेते. दादा एका सीसीआयमधून निघून दुसरीच्या जिवावर चालणाऱ्या जिनिंगमध्ये हंगामी मेकॅनिक झाला. घर यार्डाजवळ होतं म्हणून हे जमलं, आणि भाड्याच्या दोन खोल्यांवर मुलांच्या फिया भरल्या गेल्या. कारखान्याजवळ प्लॉट घेतलेल्यांची नोकरी गेली त्याच वर्षी घराची किंमतही गेली. विकायला गेलं तर घेणारं कोण? घेणारेही त्याच कारखान्यातले.

इथं मुंबईचं उदाहरण काही जण देतात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरण्या नंतर एकेक करून संपल्या, तरी लालबाग-परळची माणसं उभी राहिलीच ना? उभी राहिली, फार सोसून राहिली. पण तिथं गिरणी गेली तरी मुंबई होती. चाळीतली दहा बाय बाराची खोली उलट महाग झाली. बँक, बंदर, बाजार, सिनेमा, दुसरी शंभर कामं होती. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झालेली, तीही बंद पडली, नागपूर बसलं नाही. नांदेडची उस्मानशाही मिल गेली, नांदेड मोंढ्यावर, गुरुद्वाऱ्यावर आणि पुढं दवाखान्या-क्लासांवर वाढतच गेलं. मोठ्या शहरात बुडणारा कारखाना आणि एका कारखान्याचं गाव, या दोन गोष्टींची तुलना करूच नये असं माझं मत आहे.

तिसरा प्रसंग मामांचा. १९९९ ला ते निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. सिरसिल्क तोवर बंद पडून बरीच वर्षं झाली होती, म्हणजे धोका डोळ्यांसमोर होता. किनवटचे भाऊ म्हणाले, इकडे ये, जागा देतो. मामा गेले नाहीत. अडतीस वर्षांत मामींच्या मैत्रिणी, भजनी मंडळ, गणपती, सगळं कागजनगरला. किनवटला त्यांना ओळखणारं कोण उरलं होतं? पण घर घेताना त्यांनी मिलच्या बाजूला घेतलं नाही, स्टेशनच्या बाजूला घेतलं. खाली धाकट्या मुलाचं दुकान, वर राहायला.

मामा २०११ ला गेले. २ जून २०१४ ला तेलंगण झालं, फटाके वाजले आणि त्याच सप्टेंबरात मिल बंद पडली. भोंगा थांबला तेव्हा मामींना सकाळी वेळ कळेना, असं त्या सांगतात. मामेभावाच्या दुकानाची उधारी अडकली. गिऱ्हाईक बुडवणारं नव्हतं, गिऱ्हाईकच गाव सोडून चाललं होतं. ज्यांच्या हातात मशीनचं कसब होतं त्यातले काही बल्लारपूरच्या पेपर मिलकडे गेले, काही हैदराबादला वॉचमन झाले. कॉलनीत संध्याकाळी दिवे कमी दिसायचे. मामेभावानं दुकान बंद केलं नाही, कारण स्टेशन चालू होतं. पहाटेच्या गाडीनं मंचेरियाल, रामगुंडम, बल्लारशाकडे कामाला जाणारी माणसं वाढली आणि तो पहाटे चारला चहा-नाश्ता विकायला लागला. शालेय वह्यांचं दुकान चहाचं झालं, पण शटर उघडं राहिलं. चार वर्षं त्यांनी तशी काढली. २०१८ ला जेके पेपरनं मिल घेतली आणि ती पुन्हा सुरू झाली.

आता पुतण्या. तो म्हणतो, घरं अजून स्वस्त आहेत, मिल चालू आहे, आत्ताच घ्यावं. त्याची बायको शिक्षिका आहे, मराठी माध्यमाची. कागजनगरला तिला काम कुठं मिळणार? आदिलाबाद, बेला, जैनद, तामसी भागात मराठी शाळा आहेत, तिकडं नाही. पोरगी चार वर्षांची. त्याचा बाप, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला, ‘एकदा बुडालेली बोट दुरुस्त झाली तरी तिच्यात संसार भरू नये.’ त्यावर माझी बहीण, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, ‘तुम्ही सगळे बाजार बघता. त्या पोरीची शाळा कुठं आहे ते बघा.’

मी माझं मत सांगितलं. नोकरी घ्यावी, यात वादच नको. घर पाच वर्षं विकत घेऊ नये. मिलचं क्वार्टर मिळालं तर घ्यावं, पण त्या भरवशावर आदिलाबादचा प्लॉट विकू नये. आणि भाड्यानं राहायचं तर स्टेशनच्या बाजूला. सुनेनं नोकरी सोडावी की दोघांनी दोन गावी राहावं, हे मात्र मी बोललो नाही, ते त्यांनीच ठरवायचं.

शेवटी असं ठरलंय की तो आधी एकटा जाणार. मामींचा वरचा मजला अर्धा रिकामाच आहे, त्यांनी भाडं घ्यायला साफ नकार दिला, मग विजेचं बिल तो भरणार यावर तडजोड झाली. सून आणि पोरगी उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर तिकडं राहून बघतील, शाळा बघतील. बाबा तीन आठवडे राहिले होते, ही एक आठवडा जास्त.

तुमच्यापैकी कुणाचे आजोबा, मामा, काका कागजनगर, बेल्लमपल्ली, रामगुंडम, बल्लारपूरकडे गेले असतील तर त्यांनी घर कोणत्या बाजूला घेतलं आणि का, ते जरूर लिहा. सुनेला वाचून दाखवीन.