वसतिगृह, टपाल आणि पडदा

शिक्षण घरबसल्या मिळू लागले असता ज्ञातीच्या वसतिगृहावर द्रव्य का खर्चावे, असा प्रश्न आपल्या समाजात हल्ली विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी विद्यार्थी परस्परांपासून काय शिकत आले, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत आदी समाजांच्या वसतिगृहांसही उदार आश्रय दिला. अशा वास्तूंत केवळ निवास व भोजन मिळे असे नव्हे. एका क्रमिक पुस्तकावर चौघांचा अभ्यास होई. वरच्या वर्गातील मुलगा खालच्याचे गणित सोडवून देई, आणि देता देता त्याचे स्वतःचेही पक्के होई. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकताना अशाच एका, जैन समाजाच्या, वसतिगृहात राहिले होते. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात मात्र सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवीत. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना किंचित संकोच होतो. पण विद्येची देवघेव ज्ञातीच्या भिंतीपलीकडे गेली ती अशा ठिकाणी, हे नाकारता येत नाही.

घरी बसून पदवी मिळविणे हेही नवे नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बाहेरच्यांस परीक्षा खुल्या केल्या. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण आरंभिले. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. नोकरदार व गृहिणी ह्यांवर त्यांचे मोठे उपकार आहेत. तथापि टपालाने धडा येई, सोबती येत नसे. म्हणूनच नाशिकच्या विद्यापीठास ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे काढून विद्यार्थ्यांस एकत्र बसवावे लागले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, वसतिगृहे ओस पडली आणि महाविद्यालयाचा वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरू लागला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे देशात शहरांतील शंभर घरांपैकी सुमारे ४२ घरी इंटरनेट होते, खेड्यांत अवघे १५ घरी. ज्यांच्याकडे ते होते त्यांची टिपणे मात्र विलक्षण वेगाने फिरू लागली. एकाने वहीचे छायाचित्र पाठविले की क्षणात ते शंभरांच्या हाती पडे. एवढी उदारता वसतिगृहातही क्वचितच दिसली असेल! परंतु टिपण मिळणे निराळे आणि ते समजणे निराळे. ‘मला हे कळले नाही’ असे शेजारच्या खाटेवरील मित्रास सांगता येते. शेकडो जणांच्या समूहात ते लिहावयास मुलगा धजत नाही. व्याख्यान पुनःपुन्हा ऐकण्याची सोय झाली, हा लाभ आम्ही लहान मानीत नाही. ‘स्वयम्’ह्या सरकारी योजनेमुळे २०१७ पासून तालुक्याच्या मुलासही नामांकित प्राध्यापक ऐकता येतात. ऐकल्यावर त्याविषयी वाद घालावयास त्याला कोणी तरी हवे, एवढेच.

तेव्हा वसतिगृह मोडू नये, असे आमचे मत आहे. खोल्या थोड्या कमी झाल्या तरी चालेल. पण तेथे एक लांब मेज, इंटरनेट व रात्री उशिरापर्यंत दिवा असावा, आणि त्या मेजावर बाहेरच्या व इतर ज्ञातींच्या मुलामुलींसही बसू द्यावे. ह्याचा खर्च कार्यकारी मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे मांडावा.