पिहरीची मुळी

जबलपुरात पावसाळ्यात पिहरी विकायला येणाऱ्या बाया बाजारात दुकान मांडत नसत. बरेल्याकडून, कुंडमकडून पहाटे निघायचं, डोक्यावरच्या टोपलीत पळसाची पानं अंथरायची, त्यावर पिहरी, आणि वर पुन्हा ओली पानं. दुपारपर्यंत माल खपला नाही तर तो फेकूनच द्यावा लागे, कारण पिहरी संध्याकाळपर्यंत काळवंडते आणि तिला पाणी सुटतं. त्यामुळे त्या दारोदार फिरत. आमच्या दारावर मात्र थांबत नसत. आमचं घर भोसल्यांच्या काळात नागपूरकडून इकडे आलेल्या मराठी घरांपैकी एक. आजीच्या लेखी जमिनीतून उगवणारी प्रत्येक छत्री ही ‘कुत्र्याची छत्री’ होती आणि ती उंबऱ्याच्या आत येणार नव्हती.

माझी आई सावंतवाडीकडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच श्रावणात तिने गल्लीतून जाणारी एक टोपली पाहिली आणि त्या बाईला हाक मारली. आईला तेव्हा हिंदी धड येत नव्हतं. तिने एक पिहरी उचलली, उलटी करून पाहिली. दांड्याखाली बोटभर लांब, निमुळती मुळी होती. आईने विचारलं, “वारुळावरची?” बाईला शब्द कळला नाही, पण आईने हाताने वारुळाचा उंचवटा काढून दाखवला तसं ती हसली. “हओ बाई, बमीठे की है.” कोकणात वारुळाला रोवण म्हणतात, गोव्यात रोयण. त्यावर येणारी ती रोवणाची अळंबी, तिकडची रोयण ओळमी. आईने हजार-बाराशे किलोमीटरांवरच्या परक्या गावात आपल्या माहेरची भाजी ओळखली होती, तीही फक्त मुळीवरून.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि जबलपुरातच तीस वर्षं शिकवलं. ही गोष्ट घरात इतक्या वेळा ऐकली होती, तरी आईने त्या दिवशी जे केलं त्याला आमच्या विषयात वर्गीकरण म्हणतात, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. म्हणून या मुळीचा शास्त्रातला इतिहास इथे लिहिते आहे.

आजीचा नियम तिने स्वतः काढलेला नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी न खाण्याच्या गोष्टींत लसूण-कांद्याबरोबर ‘कवक’ आहे, आणि कवक म्हणजे भूछत्रंच. मात्र संस्कृतातल्या वैद्यांचा सूर वेगळा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाज्यांच्या प्रकरणात भूछत्रांचे गट पाडले आहेत, आणि ते उगवण्याच्या जागेवरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीतली. प्रत्येकाचे गुणदोष वेगळे. छत्री कशी दिसते यापेक्षा ती कशावर उगवते हे आधी पाहायचं, ही पद्धत रानातून भूछत्रं आणणाऱ्या माणसाची आहे. एकाच परंपरेत एक ग्रंथ सगळ्यांना मिळून एकच नाव देऊन बाजूला सारतो, आणि दुसरा खाली वाकून मुळाशी काय आहे ते पाहतो. आमच्या स्वयंपाकघरात पहिला पोहोचला.

युरोपीय शास्त्राची आणि या भूछत्रांची गाठ अठराव्या शतकात दक्षिणेत पडली. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग 1768 साली डॅनिश वसाहतीचा वैद्य म्हणून तरंगमबाडीला आला. 1779 साली त्याने वाळवीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात वारुळाच्या पोटातल्या भुसभुशीत पोळ्यांचं आणि त्यांवरच्या बारीक पांढऱ्या बुरशीचं वर्णन आहे. वाळवी आणि बुरशी एका घरात राहतात, हे लेखी स्वरूपात सांगणाऱ्यांत तो पहिला. पण वारुळावर उगवणाऱ्या छत्रीला शास्त्रीय नाव मिळायला आणखी सात दशकं जायची होती.

ते नाव दिलं माइल्स जोसेफ बर्कली या इंग्रज पाद्र्याने. बर्कली भारतात किंवा श्रीलंकेत कधीच आला नाही. साम्राज्यातून वाळवलेली भूछत्रं त्याच्या गावी पोहोचत आणि तो त्यांना नावं देत असे. हूकरने सिक्कीमकडून पाठवलेले नमुनेही त्यानेच पाहिले. श्रीलंकेहून आलेल्या एका छत्रीला त्याने 1847 साली ‘अगॅरिकस युरायझस’ म्हटलं. ‘युरायझस’ म्हणजे चांगल्या मुळाची. कागदात गुंडाळून आलेल्या त्या वाळक्या नमुन्याचा रंग उडाला होता आणि वास गेला होता, पण लांब मुळी तेवढी शाबूत असणार. बर्कलीची नजर बरोबर जागी गेली. फक्त ती मुळी खाली कुठे जाते, हे त्याला ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता.

ती कुठे जाते हे 1906 साली टॉम पेच या श्रीलंकेतल्या कवकशास्त्रज्ञाने वारुळं खणून मांडलं. वाळवी झाडाचा पाला आणि लाकूड खाते, त्याच्या विष्ठेची पोळी रचते, त्या पोळ्यांवर बुरशी वाढते आणि वाळवी ती बुरशी खाते. पाऊस पडला की त्याच बुरशीची छत्री हातभर माती भेदून वर येते. मुळी म्हणजे पोळ्यापासून जमिनीच्या पृष्ठापर्यंतची वाट. तरीही नावाचा गोंधळ मिटेना. हीच छत्री कधी एका वंशात तर कधी दुसऱ्या वंशात टाकली जात होती. अखेर 1942 साली पॅरिसच्या रॉजर हाइम यांनी वाळवीबरोबर राहणाऱ्या या सगळ्या भूछत्रांसाठी स्वतंत्र वंश निर्माण केला आणि त्याला ‘टर्मिटोमायसिस’ म्हटलं. शब्दशः अर्थ, वाळवीचं कवक.

हा शब्द मी वर्गात फळ्यावर पहिल्यांदा लिहिला त्या दिवशी आई आठवली. रोवणाची अळंबी. छत्तीसगडीत हिला भिंभोरा फुटू म्हणतात, आणि भिंभोरा म्हणजेही वारूळच. क्योनिगच्या निबंधापासून हाइमपर्यंत 163 वर्षं घेऊन शास्त्राने जी गोष्ट नावात आणली, ती कोकणी, मालवणी आणि छत्तीसगडी नावांत आधीपासूनच होती.

याचा अर्थ शास्त्राने काही नवं केलं नाही असा मात्र नाही. गावातलं नाव त्या गावापुरतं चालतं. आईचा ‘वारूळ’ त्या बाईला कळला नव्हता, हातवारे करावे लागले होते. शास्त्रीय नाव हे त्या हातवाऱ्यांच्या जागी असतं. त्यासाठी बराच खटाटोप असतो. छत्री ताजी असतानाच रंग, वास, चिरल्यावर होणारा बदल टिपून घ्यायचा. छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्यायचा. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी पडतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायचे, नमुना वाळवायचा आणि कुणालाही पाहता येईल अशा संग्रहालयात ठेवायचा. नाव त्या एका वाळक्या नमुन्याला बांधलेलं असतं. 2011 संपेपर्यंत नव्या प्रजातीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं बंधनकारक होतं, 2012 पासून इंग्रजीही चालू लागलं. आता तर नमुन्याच्या डीएनएचा क्रमही अपेक्षित असतो.

या पद्धतीने आपल्याकडेही कामं झाली. चेन्नईच्या के. नटराजन यांनी 1979 साली तमिळनाडूतली एक खाण्याजोगी वारुळी छत्री नवी म्हणून सिद्ध केली आणि हाइम यांच्या सन्मानार्थ तिला ‘टर्मिटोमायसिस हाइमी’ नाव दिलं. त्याच वर्षी हाइम वारले. पुण्यात, मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी 1946 साली उभ्या केलेल्या संस्थेत अ. वि. साठे आणि सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य भारतातल्या छत्र्यांचा ग्रंथ 1980 साली काढला. तिथल्या कवकसंग्रहाला श्री. ल. आजरेकरांचं नाव आहे. गोव्यात नंदकुमार कामत यांनी ओळमीचा आयुष्यभर पाठपुरावा केला. सांतेरीचं रूप मानून जिथे वारूळ पुजलं जातं, तिथे वारूळ मोडून ओळमी ओरबाडणं म्हणजे काय, हे त्यांनी लोकांना परत परत सांगितलं.

जबलपूरच्या पूर्वेला मंडला-दिंडोरीच्या वाटेवर सालवनं लागतात. तिथे आणखी एक भाजी आहे, पुटू. पहिल्या पावसानंतर सालाखालच्या मातीत गोटीएवढे गोळे येतात. कोवळे असताना कापले की आत पांढरेशुभ्र दिसतात, आणि तेव्हाच ते खायचे. आत काळपट झाले की संपलं. निबर झाल्यावर बाहेरची साल चांदणीसारखी उलगडते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा मिटते. युरोपात 1801 साली पेर्सूनने हिला ओलावा मोजणारी चांदणी अशा अर्थाचं नाव दिलं, 1889 मध्ये मॉर्गनने ‘अॅस्ट्रियस’ हा वंश केला. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत तिच्यापुढे ‘खाण्यायोग्य नाही’ असा शेरा असतो. मीसुद्धा वर्षानुवर्षं तीच पुस्तकं पुढे ठेवून शिकवलं, आणि त्याच आठवड्यात मंडला रस्त्यावर लोक पुटू मापाने विकत घेत होते.

आशियातली चांदणी निराळी आहे, हे 2004 आणि 2007 मध्ये थायलंडमधल्या नमुन्यांवरून सिद्ध झालं. ‘ओडोरॅटस’ आणि ‘एशियाटिकस’ अशा दोन नव्या प्रजाती झाल्या, दोन्ही तिथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या. भारतातला पुटू दोनशे वर्षं युरोपातल्या नावाखाली कागदोपत्री राहिला, आणि आता आपल्या सालवनांतले नमुने पुन्हा एकेक करून तपासावे लागत आहेत.

त्यासाठी सालवन शिल्लक हवं. पुटूची मुळी वारुळात जात नाही. तिचे तंतू सालाच्या मुळांना लपेटलेले असतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला पाणी आणि क्षार देतात. म्हणून पुटू शेडमध्ये वाढवता येत नाही, तशीच पिहरीही नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी, अमरकंटकच्या सालवनांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली आणि लाखो झाडं गेली. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेचे लोक तेव्हा त्या किड्यामागे होते. त्या प्रत्येक झाडाखाली कोणकोणती छत्री येत होती, याची नोंद कुणाकडे होती? गोळा करणाऱ्या बायकांकडे होती. ती लिहून घ्यायला माझ्यासारखे फार कमी गेले.

रानातल्या माहितीला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. चांदीचं नाणं किंवा लसूण भाजीत टाकावं, काळं पडलं तर छत्री विषारी, हा समज आमच्याकडे सर्रास आहे आणि तो खोटा आहे. घातक अॅमनिटा चांदीला काही करत नाही. त्याचं विष उकळूनही जात नाही, आणि खाल्ल्यानंतर अर्धा दिवस काहीच वाटत नाही. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे त्यापायी माणसं दगावतात. शास्त्राची गरज तिथे आहे. पण ‘वारुळावरची का?’, ‘कुठल्या झाडाखालची?’ हे प्रश्न शास्त्रालाही रानाकडूनच घ्यावे लागतात.

आईने त्या श्रावणात पिहरी घेतली. स्वयंपाकघरात परवानगी नव्हती, म्हणून मागच्या अंगणात शेगडीवर वेगळ्या पातेल्यात केली: कांदा, हळद, ओलं खोबरं मिळालं नाही म्हणून सुकं. आजीने त्या पातेल्याला अखेरपर्यंत हात लावला नाही. पण नंतरच्या वर्षांत टोपलीवाली गल्लीत आली की आजीच आतून सांगे, “सूनबाई, तुझी ती आली बघ.” नाव तिनेही घेतलं नाही.

1982 साली मी त्याच बाईकडून दोन पिहऱ्या घेऊन वाळवल्या आणि महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवल्या. निवृत्त होण्याआधी कपाट आवरताना ते पाकीट हाती आलं. लेबलवर माझ्या अक्षरात वंशाचं नाव आहे, पुढे प्रजातीच्या जागी प्रश्नचिन्ह. तारीख आहे. अधिवास: वारूळ, आणि ते मी कधी पाहिलेलं नव्हतं, तिने सांगितलं होतं. ‘संग्राहक’ या रकान्यात माझं नाव आहे.

मी ते खोडलं आणि ‘स्थानिक नाव: पिहरी, बमीठ्याची’ असं लिहिलं. ‘संग्राहक’पुढे बरेल्याकडची विक्रेती, एवढंच लिहिता आलं. वीस-पंचवीस पावसाळे ती आमच्या दारी आली, आणि तिचं नाव आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.