समाजमाध्यमे आणि जनसंपर्क

जनसंपर्क म्हणजे एखादी संस्था आणि तिच्याशी संबंध येणारे लोक यांच्यात विश्वास निर्माण करण्याचे व तो टिकवण्याचे नियोजनपूर्वक केलेले काम होय. फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५) आणि ट्विटर (२००६, आताचे एक्स) या माध्यमांच्या प्रसारानंतर या कामाचा एक मूळ आधारच हलला. संस्थेविषयी पहिला शब्द कोणी आणि केव्हा उच्चारायचा, हे ठरवणे संस्थेच्या हाती राहिले नाही.

पार्श्वभूमी

आधुनिक जनसंपर्काच्या प्रवर्तकांमध्ये अमेरिकेतील आयव्ही ली यांची गणना होते. मूळचे पत्रकार असलेल्या ली यांनी १९०६ मध्ये वृत्तपत्रांसाठी आपल्या तत्त्वांचे निवेदन प्रसिद्ध केले. आपले काम उघडपणे चालेल आणि दिलेली माहिती अचूक असेल, अशी हमी त्यात होती. त्याच वर्षी अटलांटिक सिटी येथे रेल्वे अपघात झाला, तेव्हा ती बातमी दडपण्याऐवजी पेनसिल्व्हेनिया रेल्वेतर्फे त्यांनी स्वतःच पत्रक काढले.

भारतात या व्यवसायाची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्र शासनाचे हे काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय पाहते. 'लोकराज्य' हे मासिक त्याचेच प्रकाशन होय. या साऱ्या व्यवस्थेत संस्था आणि वाचक यांच्यामध्ये संपादक उभा असे. पत्रक छापायचे की टोपलीत टाकायचे, हे तो ठरवी आणि जनसंपर्क अधिकाऱ्याचे यश कात्रणांच्या वहीवरून मोजले जाई.

जेम्स ग्रुनिग व टॉड हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काची चार प्रारूपे मांडली. त्यांपैकी शेवटच्या, म्हणजे द्विमार्गी समतोल प्रारूपात संस्था लोकांचे ऐकून स्वतःतही बदल करते. समाजमाध्यमांमुळे असा संवाद तांत्रिकदृष्ट्या सोपा झाला. तरीही अनेक संस्था या माध्यमांचा उपयोग जुनीच पत्रके नव्या फलकावर चिकटवण्यासाठी करतात.

तक्रारीचे सार्वजनिक रूप

कॅनडातील गायक डेव्ह कॅरल यांची गिटार २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. दुरुस्तीचा खर्च सुमारे १,२०० डॉलर होता. अनेक महिने पाठपुरावा करूनही भरपाई नाकारली गेली, तेव्हा त्यांनी त्यावर गाणे रचून जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर टाकले. काही आठवड्यांत ते लाखो लोकांनी पाहिले आणि कंपनीने भरपाई देऊ केली. कॅरल यांनी ती रक्कम धर्मादाय कार्याला द्यावी असे सुचवले. पूर्वी ही तक्रार दोन पक्षांच्या पत्रव्यवहारातच संपली असती. आता तक्रार निवारण हेच जनसंपर्काचे पहिले काम झाले आणि खिडकीवरचा कर्मचारी संस्थेचा प्रवक्ता ठरला.

वेळेचे गणितही बदलले. २००९ च्या एप्रिलमध्ये डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी खाद्यपदार्थांशी केलेल्या किळसवाण्या खोडसाळपणाची चित्रफीत प्रसारित झाली. कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखांनी यूट्यूबवरूनच क्षमा मागितली, पण मधल्या दोन दिवसांत मोठी हानी होऊन गेली होती.

भारतातील ठळक उदाहरण मॅगीचे आहे. उत्पादनात शिसे मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या अहवालानंतर २०१५ च्या मे महिन्यात समाजमाध्यमांवर प्रश्नांचा भडिमार झाला. नेस्ले इंडियाने उत्पादन सुरक्षित असल्याचे सांगितले. मात्र ग्राहकांशी बोलण्यास कंपनीने उशीर केला, अशी टीका झाली. ५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून नव्याने चाचण्या करण्यास सांगितले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा बाजारात आली. कायदेशीर बाजू टिकली तरी पाच महिन्यांचा बाजार हातचा गेला.

शासकीय वापर व टीका

मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटर खाते सुरू केले. हेल्मेट, मद्यपान करून वाहन चालवणे, संगणकीय फसवणूक अशा विषयांवर चित्रपटांतील संवाद व शब्दखेळ वापरून केलेल्या त्यांच्या सूचना लोकप्रिय झाल्या. शासकीय सूचनेची ठरीव भाषा सोडण्याचे धाडस हे त्यामागचे खरे कारण म्हणता येईल.

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना (२०१४–१७) धावत्या गाडीतील प्रवाशांच्या ट्विटवर मदत पोहोचू लागली. या पद्धतीचे कौतुक झाले, तसा आक्षेपही आला. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि लिहिण्याची सवय आहे त्याची तक्रार जगाला दिसते, म्हणून ती आधी सुटते. त्याच डब्यातील दुसऱ्या प्रवाशाला मात्र तक्रारवहीच उरते. उत्तर दिसणे आणि व्यवस्था सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जनसंपर्क विभागाच्या हाती बहुधा पहिलीच असते.

सशुल्क शिफारस

संपादकाची जागा काही अंशी मोठा अनुयायीवर्ग असलेल्या 'इन्फ्लुएन्सर' मंडळींनी घेतली. मोबदला घेऊन केलेली शिफारस मित्राच्या सल्ल्यासारखी भासते, ही यातील मुख्य अडचण. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था असलेल्या मुंबईतील ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार असा मजकूर जाहिरात आहे हे स्पष्ट दिसेल अशा चिठ्ठीने सांगावे लागते. ही चिठ्ठी इंग्रजीत किंवा मूळ जाहिरातीच्या भाषेत असावी लागते.